कोपनहेगनची तीन तिकिटं

कार्डिफ,
१७ जानेवारी १९९३

मंजिरी,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिण्याचा हक्क उरला आहे का, माहीत नाही. 'सौ.' लिहिलं असतं तर तुला टोमणा वाटला असता. म्हणून नुसतं नाव.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली : गेल्या मंगळवारी माझा ब्रिटिश पासपोर्ट आला. सॉलिसिटरसमोर शपथ घेतली होती ती पाच मिनिटांत उरकली. तो हवेबद्दल बोलत होता आणि बोलता बोलताच त्याने शिक्का मारला. तू १९८३ साली फॉर्म भरलास तेव्हा मी 'एवढी घाई काय आहे' म्हणालो होतो. त्यानंतर दहा वर्षं मी एकटाच भारतीय पासपोर्ट धरून बसलो. पुण्याहून निघताना सगळ्यांना 'पाच वर्षांत परत' असं सांगून आलो होतो ना. परत जायचं नाही हे मला ७९ सालीच, उल्का झाली तेव्हाच कळलं होतं. पण परत जाणारा माणूस असणं सोडवत नव्हतं. बाकीच्यांनी केव्हाच सोडलं होतं, म्हणून तर मला त्यात काहीतरी मोठेपणा वाटायचा. हे आज लिहिताना सोपं वाटतंय, म्हणजे कदाचित अजूनही पुरतं खरं नसेल.

दुसरी गोष्ट : मेअखेरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत दोन्ही मुलांना चार दिवस कोपनहेगनला नेण्याची परवानगी हवी आहे. सोमवार ३१ मे ते गुरुवार ३ जून. शिनूच्या शाळेत व्हायकिंग लोकांचा प्रोजेक्ट चालू आहे, त्याने मला फोनवर लांब जहाजाच्या वल्ह्यांची संख्या सांगितली. तिथे एक गोल मनोरा आहे, त्याला पायऱ्या नाहीत, वरपर्यंत नुसता चढाचा रस्ता फिरत जातो. एक बागही आहे, पाळणे आणि चक्रं असलेली. उल्काला काय आवडेल ते मला ठरवता आलं नाही. तेरा वर्षांच्या माझ्या मुलीला हल्ली काय आवडतं, हे मला तुलाच विचारावं लागतंय.

अडचण तुला ठाऊक आहे. माझ्या भारतीय पासपोर्टात ही ब्रिटिश मुलं घालता येत नव्हती, म्हणून दोघांची नावं तुझ्या पासपोर्टात आहेत. आता ती माझ्या पासपोर्टात घालायला तुझी सही लागेल. फॉर्म सोबत आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे.

डोव्हरच्या बंदरावरचा प्रकार मी विसरलेलो नाही. त्यानंतर काही आठवडे मी घरात नीट बोलत नव्हतो, हेही मान्य करतो. म्हणूनच ही सहल.

शशिधर


कार्डिफ,
१४ फेब्रुवारी १९९३

मंजिरी,

तुझं उत्तर श्रीकांतकरवी मिळालं. तुझ्या भावाचा आवाज ऐकून आधी मला वाटलं, कोणी आजारी आहे.

"शशिधरराव, मंजिरीचा निरोप आहे. मी फक्त पोस्टमन."

"सांग."

"शिनूला पाठवायला तिची हरकत नाही. उल्काचं उल्का ठरवेल."

"उल्का काय म्हणते?"

"उल्का म्हणते तिला रिव्हिजन आहे."

"आठवीनववीच्या मुलीला हाफ-टर्ममध्ये कसली रिव्हिजन?"

"अहो, तेच तर सांगतोय तुम्हाला."

मग तो तुमच्या एजवेअरच्या थंडीबद्दल बोलला, मी कार्डिफच्या पावसाबद्दल बोललो. त्याने मला जेवायला या म्हटलं नाही. त्याचा दोष नाही. पूर्वी म्हणायचा.

मागच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. 'काही आठवडे' असं मी लिहिलं. ते लिहिताना हात जरा थांबला होता, तरी पुढे गेलो. परवा ८९ सालची डायरी काढून पाहिली. तुम्ही तिघं पॅरिसहून परत आलात रविवारी, दोन एप्रिलला. मी उल्काशी पहिलं वाक्य बोललो ते गुरुवारी, एकोणतीस जूनला. मधले दिवस अठ्ठ्याऐंशी. तुझ्याशी मी लागेल तेवढं बोलत होतो, 'गॅसचा माणूस येणार आहे' इतपत. मुलांशी तेवढंही नाही. आणि पहिलं वाक्य कोणतं, तेही डायरीत आहे : "जिन्यातला दिवा बंद कर." मला वाटत होतं मी अबोला सोडताना काहीतरी म्हणालो असेन. तिला जवळ घेतलं असेल, अशीसुद्धा एक आठवण माझ्याजवळ होती. डायरीत तसं काही नाही.

आमच्या घरी अबोला हे हत्यार नव्हतं, ती रीत होती. वडील आईशी एकदा दिवाळीपासून होळीपर्यंत बोलले नव्हते; निरोप आमच्यामार्फत जायचे आणि आम्हाला त्यात गंमत वाटायची. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, म्हणून आमचं घर सभ्य. मीही स्वतःला सभ्यच समजत होतो. दिवसभर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मी गप्पिष्ट डॉक्टर म्हणून प्रसिद्ध. नव्वदीच्या बायकांना त्यांच्या कोंबड्यांची नावं विचारायचो. घरी येऊन चपला काढताना तोंड मिटायचं.

सहलीचं बघतो आहे. ट्रॅव्हल एजंटकडे एक वेल्श मुलगी आहे, फार उत्साही. "वन अडल्ट, टू चिल्ड्रन? मम्स हॅविंग अ रेस्ट, इज शी?" मी हो म्हणालो. रस्त्यावर आल्यावर वाटलं, परत जाऊन खरं सांगावं. गेलो नाही. स्टेशनजवळ एक हॉटेल आहे, तीन खाटांची खोली मिळते. उल्का आता मांस खात नाही असं शिनू म्हणाला. तिथे चीज आणि पाव मुबलक मिळतो, मी पुस्तकात पाहिलं.

तीन जागा धरून ठेवायला सांगितल्या आहेत.

शशिधर


कार्डिफ,
२८ मार्च १९९३

मंजिरी,

गेल्या रविवारी मी शिनूला न्यायला आलो तेव्हा तुझी दुकानात पाळी होती. दार उल्काने उघडलं. हे ती तुला म्हणाली असेल किंवा नसेल. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी घरी येऊन लगेच टिपून ठेवलं होतं.

"आई शॉपमध्ये आहे. शिनू शूज घालतोय."

"मला तुझ्याशी दोन मिनिटं बोलायचंय."

"ओके. टू मिनिट्स." तिने खरंच मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

मी त्या मनोऱ्याबद्दल सांगायला लागलो. पायऱ्या नाहीत, पूर्वी तिथला राजा घोड्यावरून वर जायचा म्हणे. ती ऐकत होती. ती तुझ्याएवढी उंच झाली आहे. मग म्हणाली,

"बाबा, तिकडे आपण एका रूममध्ये राहणार?"

"हो. तीन खाटा आहेत."

"आणि मग तुम्हाला काहीतरी आवडला नाही तर? मी काहीतरी बोलली, आणि तुम्हाला आवडला नाही, तर? चार दिवस मी काय करणार? माझा स्वतःचा पासपोर्ट पण नाही. मी घरी कशी येणार?"

मी म्हणालो, "तसं होणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग ती म्हणाली, अगदी शांतपणे, जशी शाळेत एखादी मुलगी धडा वाचते तशी :

"मी रोज तुमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची. यू नेव्हर ईव्हन ओपन्ड देम. दुसऱ्या दिवशी तशीच असायची. सेम प्लेस. मग मी ती काढून नवीन ठेवायची." मग घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं झाले."

शिनू एका पायात बूट घालून लंगडत आला आणि आम्ही पिझ्झा खायला गेलो.

आता डोव्हरबद्दल. आपण दोघं त्यावर कधी बोललोच नाही. तू समजत असशील की तुम्ही मला मागे ठेवून गेलात, म्हणून मी रागावलो. मीही तसंच दाखवलं. पॅरिसला जायचा व्हिसा माझ्या जुन्या, कोपरा कापलेल्या पासपोर्टात होता आणि तो मी रद्द झालेला म्हणून कार्डिफला खणात ठेवून आलो, नवा कोरा घेऊन. दोन्ही एकत्र टाचून न्यायचे असतात हे हॉस्पिटलातला प्रत्येक भारतीय डॉक्टर जाणतो. मी इतरांना सांगितलेलं आहे. चूक निखालस माझी. तू विचारलंस, "आता एवढं आलोय, हॉटेलचं ठरलंय, आम्ही जाऊन येऊ का?" मी 'जा' म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गेलीस. मी कोणत्या स्वरात म्हणालो ते तुला कळलं होतं, हेही मला कळलं होतं.

पण राग तो नव्हता. काउंटरवरच्या माणसाने उल्काला गमतीने विचारलं, बाबांना सोडून जाताना तुला चालेल ना? ती नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "ही डझन्ट माइंड. ही ऑल्वेज स्टेज बिहाइंड." तो माणूस हसला. मागच्या रांगेतले दोघं हसले. तूही हसलीस, थोडं.

ती खरं तेच बोलली होती. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी ड्यूटीवर असायचो. तिने त्यात काही घातलं नव्हतं. मी डोव्हरहून कार्डिफपर्यंत एकटा गाडी चालवत आलो आणि सबंध वाटेत ते वाक्य घोळवत आलो. नऊ वर्षांच्या मुलीला मी जन्मठेप ठोठावली ती एवढ्यासाठी, की तीन अनोळखी इंग्रज हसले.

तिच्या पासपोर्टचं तिचं म्हणणं बरोबर आहे. तिचा वेगळा पासपोर्ट काढता येईल. परतीचं तिकीट तिच्याजवळच ठेवू, कधीही बदलता येईल असं. फॉर्म सोबत आहे.

शशिधर


कार्डिफ,
२५ एप्रिल १९९३

मंजिरी,

दोन्ही फॉर्म सही होऊन आले. तू एक ओळही लिहिली नाहीस, पण उल्काचा फोटो लावला होतास. फोटोच्या मागे तिचं नाव तिच्या अक्षरात होतं. म्हणजे तिने स्वतः लिहून दिलं? की तू लिहायला लावलंस? मी यावर उगाच फार विचार केला. तिकिटं काढली. तीन.

तुला एक सांगायचं आहे आणि ते सांगितल्यावर तुझी सही परत घ्यावीशी वाटली तर घे.

मी त्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या.

एकूण एक. रोज. मी संध्याकाळी घरी आलो की आधी अभ्यासिकेत जायचो, ते त्यासाठीच. दार लावून चिठ्ठी उघडायची, वाचायची आणि तिच्याच घड्यांवर पुन्हा दुमडायची. तिने टेबलाच्या कडेशी ज्या कोनात ठेवली असेल त्याच कोनात ठेवायची. एकदा घडी उलटी पडली तेव्हा मी ती पुन्हा घातली. वाचली हे तिला कळू नये म्हणून मी जेवढं कौशल्य वापरलं तेवढं मी कुठल्याही रोग्याच्या शिरेत सुई घालताना वापरलं नसेल.

चिठ्ठ्यांत काय असायचं? 'बाबा, आज स्पेलिंगमध्ये टेन आउट ऑफ टेन.' 'बाबा, शिनूचा दात पडला.' 'बाबा, मला पॅरिस आवडला नाही. खूप पाऊस होता.' एकदा नुसतं चित्र, चार माणसं आणि बोट. तीन माणसं जमिनीवर आणि एक बोटीवर, बोटीवरच्या माणसाला मिशा. तिने मला बोटीवर बसवून दिलं होतं. आणि मेच्या शेवटी एक : 'सॉरी मी बोटीवर गेली.'

ती मी डायरीत उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, 'अजून दोन आठवडे.' माझ्याच अक्षरात आहे. मी ते पान दोनदा वाचलं; दुसऱ्या कोणाचं असावं असं वाटलं, पण दुसऱ्या कोणाचं कसं असेल.

मला काय हवं होतं तेव्हा? तिने रडत येऊन पाय धरावेत? ती तर रोज येतच होती, कागदावर. मला वाटतं मला ते रोजचं येणं आवडायला लागलं होतं. इतक्या नेमाने माझी वाट कोणी पाहिली नव्हती. मी बोललो असतो तर चिठ्ठ्या थांबल्या असत्या.

ती समजते, मी उघडल्याच नाहीत. हे खोटं तिच्या मनात राहू द्यायचं का? चार दिवस तिच्याबरोबर एका खोलीत राहायचं, पाव-चीज खायचं, आणि हे पोटात ठेवायचं? मला वाटतं तिला आधी सांगायला हवं. तिला लिहितो आहे. तुझं काही म्हणणं असेल तर पुढच्या रविवारच्या आत कळव.

शशिधर


कार्डिफ,
१६ मे १९९३

मंजिरी,

तुझं काही म्हणणं आलं नाही, म्हणून मी तिला लिहिलं. तू घरात असताना तिने मला फोन केला की नसताना, ठाऊक नाही. शुक्रवारी, शाळा सुटल्यावर. मी वॉर्डातच होतो.

"तुम्ही वाचल्या होत्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मागे कुठेतरी टेलिव्हिजन चालू होता, लोक टाळ्या वाजवत होते.

"मला वाटायचं तुम्हाला दिसल्याच नाही. तुमच्या टेबलावर एवढे पेपर असायचे. मी तसं ठरवलं होतं. आय वॉज फाइन विथ दॅट, बाबा."

मी म्हणालो, "खोटं ठेवायचं नव्हतं मला."

"तुम्हाला नव्हतं ठेवायचं." मग म्हणाली, "मी येत नाही. शिनूला घेऊन जा, त्याला खूप एक्साइटमेंट आहे. त्याला ब्लू अनोरॅक द्या, दुसरा रेनकोट लीक होतो. बाय." आणि फोन ठेवला.

मंजिरी, तिच्याजवळ एक सोसता येईल अशी गोष्ट होती, वयाच्या नवव्या वर्षी तिची तिने रचलेली. चार वर्षं ती त्यावर उभी होती. मी खरेपणाच्या नावाखाली तिच्या पायाखालून ती काढून घेतली, आणि माझं मन मात्र तिला लिहिलं त्या रात्री हलकं झालं होतं. मी गाढ झोपलो होतो, हेही डायरीत आहे. मी कबुली कोणासाठी दिली? मी आयुष्यभर स्वतःला बारकाईने तपासत आलो आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजत आलो. त्यात दुसरं माणूस कुठेच नसतं, हे कोणी सांगितलं नाही. तू बहुतेक सांगितलं असशील.

तिसरं तिकीट परत घेत नाहीत. मी एजंटकडे त्याबद्दल फार विचारलंही नाही. एखादे वेळी ती शेवटच्या दिवशी म्हणेल 'येते', असं मनात आहे. असं मनात ठेवणं हाही तिच्यावर भारच, पण तिला ते कळणार नाही.

शिनूला निळा अनोरॅक दे. सोमवारी, ३१ तारखेला, सकाळी आठला येतो.

शशिधर


विमानात,
३ जून १९९३, दुपार

मंजिरी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझ्या हातात देईन. शिनू खिडकीशी बसला आहे. आमच्या दोघांमधली जागा रिकामी आहे, तिच्यावर त्याने प्लॅस्टिकचं शिरस्त्राण ठेवलं आहे. तो सकाळपासून माझ्याशी नीट बोलत नाही. विचारलं तर 'हो', 'नाही' म्हणतो. माझ्यावर रागावलेला नाही. तसं असतं तर मी हे इतक्या घाईने लिहिलं नसतं.

पहिले दोन दिवस चांगले गेले. इतके चांगले की मी घाबरलो होतो. बोटीतून फिरलो. बागेत लाकडी झुकझुक गाडी आहे, त्यात तो चार वेळा बसला, मी दोनदा. तो सबंध वेळ बोलत होता : शाळा, फुटबॉल, श्रीकांतमामाची नवी गाडी, ताई. 'ताई म्हणते', 'ताईला विचारतो', 'हे ताईला आवडेल'. ताईसाठी त्याने एक लोकरी टोपी घेतली आणि रंगावरून दुकानात पाऊण तास लावला.

काल आम्ही त्या मनोऱ्यावर चढत होतो. चढ सोपा आहे, भिंती पांढऱ्या, बाजूला खोल खिडक्या. एका खिडकीत तो बसला आणि म्हणाला,

"ताईला आणायला पाहिजे होता."

"हो."

"बाबा, तुमचा घसा आता फुल्ली ठीक आहे?"

"माझ्या घशाला काय झालंय?"

"आता नाही. तेव्हा. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा. तुमचा आवाज गेला होता ना? कार्डिफच्या घरात."

तो आपला सांगत गेला, पाय हलवत. ताई त्याला रोज सांगायची. बाबांचा घसा फार दुखतो. बाबांजवळ थोडाच आवाज उरलाय, तो त्यांना हॉस्पिटलातल्या आजी लोकांसाठी वाचवून ठेवावा लागतो. एकदा त्याने मला फोनवर बोलताना ऐकलं, तेव्हा तिने सांगितलं की फोन हॉस्पिटलचा होता, म्हणून त्यातला थोडा वापरला. रोज झोपताना ती त्याला 'बाबा गुडनाइट म्हणाले' असं माझ्या वतीने सांगायची, आणि त्याने ते खरं धरलं होतं. शाळेतून मिळालेल्या खोकल्याच्या गोळ्या तो वाचवायचा आणि ती माझ्या कोटाच्या खिशात ठेवायची. मला त्या गोळ्या सापडायच्या. मी समजायचो, तू ठेवतेस. मी त्या कोटाबरोबर झटकून टाकायचो.

नऊ वर्षांची पोर. स्वतःच्या चिठ्ठ्या रोज घडी न मोडता परत येताहेत, आणि तरी ती रोज त्या धाकट्याला माझी बाजू सांगते आहे. तुला हे ठाऊक होतं? मला वाटतं नसावं. असतं तर तू आणखी आधी गेली असतीस.

आणि मग मी काय केलं? सोळा मेला मी तुला जे लिहिलं ते लिहून अडीच आठवडेही झाले नव्हते. मला एवढंच म्हणायचं होतं : 'हो, आता बरा आहे घसा.' तेवढ्याने भागलं असतं. तो उठून पुढे पळाला असता. पण त्याचा तो विश्वासाने वर पाहणारा चेहरा मला सहन झाला नाही, आणि मी म्हणालो :

"शिनू, माझा घसा दुखत नव्हता. मी रागावलो होतो."

"कोणावर?"

"तुमच्यावर. जास्त ताईवर. तिची काही चूक नव्हती."

त्याचे पाय हलायचे थांबले. त्याने जरा विचार केला. मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या.

"म्हणजे ताई खोटं बोलली?"

"तिने तुला वाईट वाटू नये म्हणून —"

"शी लाइड टू मी. एव्हरी डे. मी माझ्या सगळ्या गोळ्या दिल्या."

"शिनू, खोटं मी वागलो. ती तुला सांभाळत होती."

"तुम्ही तर बोललाच नाही. खोटं ती बोलली." आणि मग, "बाकी काय काय खोटं सांगितलंय तिने मला?"

तो उठला आणि खाली चालायला लागला. आम्ही वरपर्यंत गेलोच नाही. हॉटेलवर मी पुन्हा तीनदा समजावलं. प्रत्येक वेळी तो "ओके" म्हणाला. आज सकाळी बॅग भरताना त्याने टोपी खोलीतल्या टेबलावरच ठेवली. मी ती मागून माझ्या बॅगेत टाकली. तो म्हणतो, घरी गेल्याबरोबर ताईला विचारणार. "आय जस्ट वॉन्ट टू आस्क हर," म्हणतो. तो बारीक तपासणी करणारा मुलगा आहे. कोणासारखा, हे लिहायला नको.

मंजिरी, माझ्याकडून उल्का गेली, ती कधी परत यावी अशी मी यापुढे अपेक्षा धरत नाही. पण त्या दोघांचं एकमेकांचं होतं. ती त्याची होती. तो तिच्या त्या दिवसांचा एकमेव साक्षी होता, आणि ती त्याच्यापुरती जिंकलेली होती. त्या घरातून तिने एक माणूस धड बाहेर काढला होता. चार दिवसांसाठी तू त्याला माझ्या हाती दिलंस आणि मी त्याला तिच्यावर सोडतो आहे.

म्हणून एवढं कर. मी घरासमोर गाडी थांबवून एकटा दारापर्यंत येईन, हे तुला देईन आणि परत गाडीत जाऊन बसेन. शिनू गाडीतच असेल. हे सगळं वाच. मग वर जाऊन उल्काला सांग की शिनूला कळलं आहे, कोणाकडून कळलं आणि कसं. तो खाली उतरायच्या आधी तिला माहीत असू दे. तिने त्याला काय सांगावं हे तिचं तिला ठरवू दे. माझ्याबद्दल तिला जे सांगायचं असेल ते सांगू दे, कितीही वाईट. मी तिचा शब्द खोडणार नाही. मला विचारलं तरी नाही.

कितीही वेळ लागू दे, आम्ही बसून राहतो. तुमचं झालं की वरच्या खिडकीतून हात कर. मग मी त्याच्या बाजूचं दार उघडेन.

शशिधर